नशा सोडल्यावर वजन वाढलं तर घाबरू नका
नशा सुटली की मेलेली भूक जागी होते, सतत गोड खावंसं वाटतं, वजन वाढतं. भूक मारणारी उत्तेजक द्रव्यं सोडणाऱ्यांना हे जास्त जाणवतं. म्हणून लगेच कडक डाएट करू नका, उपाशी तर मुळीच राहू नका. रिकाम्या पोटी होणारी चिडचिड, थरथर अगदी तलफेसारखीच भासते. तलफ आली की आधी स्वतःला विचारा, शेवटचं कधी जेवलो? दर तीन-चार तासांनी थोडं खा, त्यात प्रथिनं असू द्या. फार खंगलेल्या माणसाला मात्र एकदम भरपूर खाऊ घालू नका, ते जिवावर बेतू शकतं. आहार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवा. आणि वजनाच्या धास्तीने औषधं परस्पर बंद करू नका.