जुना ट्रॅक्टर चालू होईना? इंजिन उघडायच्या आधी एवढं बघा

आमच्या लातूरकडच्या औसा-निलंगा पट्ट्यात बी-२७५, मॅसी १०३५, एचएमटी ५९११ असले ट्रॅक्टर अजून पाळी घालतायत, उन्हाळ्यात पाण्याचे टँकर ओढतायत. एचएमटीचा पिंजोरचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचं सरकारनं २०१६ लाच ठरवलं, तरी त्यांचं धूड इथं चालूच. अशा गाडीचे सुटे भाग शोधण्यात हंगाम निघून जातो. म्हणून कुणी "मिस्त्री, इंजिनचं काम निघालं वाटतं" म्हणत आला की मी आधी सायलेन्सरकडं बघतो.

गिअर न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, चाकाखाली दगड लावा, अवजार जमिनीवर टेकवा. मग सेल्फ मारा, पण एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर नाही, नाहीतर सेल्फची मोटार तापून जाईल.

इंजिन चांगलं फिरतंय पण सायलेन्सरमधून धुराचा पत्ताच नाही, तर डिझेल वर पोचत नाही. पांढरा धूर येतोय आणि इंजिन पकडत नाही, तर डिझेल पोचतंय पण नीट जळत नाही. निम्मं निदान इथंच होतं.

सेल्फ नुसता 'टक्' करत असेल तर गोष्ट विजेची. बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा-हिरवा थर गरम पाण्यानं धुवा, चेसिसला जोडलेली अर्थिंगची पट्टी सोडून दोन्ही बाजू पॉलिश पेपरनं घासा. मीटर असेल तर बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला पाहिजे. सेल्फ मारताना काटा १० च्या खाली गेला तर बॅटरी थकलीय. पट्टी न बघताच नवी बॅटरी आणणारे लई आहेत.

आता डिझेल. बंद करायची स्टॉपची वायर पूर्ण आत गेलीय का, हे आधी बघा. हसू नका, गंजलेली वायर अर्ध्यातच अडकते. मग टाकीचं झाकण. त्यातलं बारीक छिद्र मातीनं बुजलं की गाडी अर्धा-पाऊण तास चालते आणि धापा टाकत बंद पडते. झाकण काढल्यावर 'फस्स' आवाज झाला आणि गाडी परत चालू झाली, तर दुखणं सापडलं. काडी घालून छिद्र मोकळं करा.

तरी काही नाही, तर लाईनीत हवा शिरलीय. डिझेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. म्हणून पंप कितीही जोर लावू दे, बुडबुडा असला की नोझल, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारं तोंड, उघडतच नाही. टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) या भागात फट असली तर बाहेर डिझेल गळलेलं दिसेलच असं नाही, पण हवा आत ओढली जाते. नळीच्या जोडातले तांब्याचे वॉशर चपटे झाले असतील तर बदला. फार पैसे लागत नाहीत.

हवा काढताना क्रम सोडू नका. फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू ढिला करा आणि फीड पंपाचा हातपंप मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुड्यांसकट डिझेल, मग सलग धार. धार सलग झाली की हातपंप चालू असतानाच स्क्रू आवळा. दोन फिल्टर असतील तर दोन्हींचं असंच. मग नोझलला दाबानं डिझेल देणाऱ्या मुख्य पंपावरचा स्क्रू. आपल्याकडं सगळे त्याला मायको पंपच म्हणतात, नाव आता बॉश झालं तरी. शेवटी नोझलकडच्या नळ्यांचे नट ढिले करा, रेस पूर्ण देऊन सेल्फ मारा, डिझेल उसळलं की एकेक आवळा. तिथं बोट लावून बघू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं आणि हात गमवायची पाळी येते.

चालू झाल्यावर धूर वाचा. काळा म्हणजे हवा कमी, नाहीतर डिझेल जास्त. काळ्या मातीच्या फुफाट्यात एअर क्लीनरच्या वाटीतलं ऑइल दोन दिवसांत चिखल होतं. ते बदला, पण खुणेच्या वर भरू नका, जास्तीचं ऑइल इंजिन ओढून घेतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा धूर आणि रेडिएटरचं पाणी रोज कमी, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाच्या हेडखालच्या पॅकिंगचा संशय घ्या.

सोयाबीनच्या मळणीत गाडी तापते, कारण रेडिएटरच्या जाळीत भुसा बसतो. तो पंख्याकडून पुढच्या बाजूला हवा मारून काढा. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये भरायची सवय सोडा, त्यातल्या क्षारांचा थर आत बसतो. तापलेल्या इंजिनाचं झाकण उघडू नका आणि गार पाणी तर ओतूच नका, हेड तडकतं. थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडं जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून फेकायची आपल्याकडं फॅशन आहे, मला ती पटत नाही. इंजिन गार चालतं, डिझेल अर्धवट जळतं आणि लाईनर, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो ती नळकांडी, लवकर झिजतात.

मागची अवजार उचलणारी लिफ्ट उचलत नसेल तर तिच्या ऑइलची पातळी आणि ऑइल गाळायची जाळी बघा. ऑइल दुधासारखं पांढरट दिसलं तर त्यात पाणी गेलंय, सगळं बदला.

एवढं करूनही गाडी नीट चालत नसेल तर इंजिनात ऑइल भरायचं झाकण काढा. तिथून भकाभका धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, मग इंजिन उघडावंच लागेल. तसं नसेल तर पंप आणि नोझल काढून टेस्ट बेंच असलेल्या दुकानात न्या. पंपाचं सील घरी तोडू नका. आणि दुकानात नोझलचा फवारा स्वतःच्या डोळ्यानं बघा. तो धुक्यासारखा बारीक पडला पाहिजे, थेंब टपकत असतील तर दुकानदाराचं ऐकू नका, बदलून घ्या.