पत्र्याच्या जुन्या रेडिओचा मूळ रंग वाचवताना

पेटीवरचा निम्म्याहून जास्त रंग पत्र्याला धरून असेल, तर तो खरवडून काढू नका. नवा रंग कधीही मारता येतो, मूळ रंग एकदा गेला की गेला. नीट धुणं, गंज थांबवणं आणि उडालेल्या जागा भरणं एवढ्यावर बहुतेक पेट्या पुन्हा देखण्या होतात.

प्लग काढा, कंडेन्सर (वीज साठवून ठेवणारे भाग) डिस्चार्ज करा आणि चासी, म्हणजे सगळे भाग बसवलेला धातूचा सांगाडा, बाहेर घ्या. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या एसी-डीसी सेटमध्ये चासी बहुधा मेन्सच्या, म्हणजे घरच्या विजेच्या, एका तारेशी जोडलेली असते. १९४६ चा हॅलिक्राफ्टर्स एस-३८ हा असाच सेट. अशा सेटमध्ये चासी आणि पेटी यांच्यामध्ये फायबरचे वॉशर किंवा रबरी बुश असतात. कुठला कुठून निघाला याचे फोटो काढून ठेवा, कडक झालेलं रबर बदला. जोडताना एक वॉशर राहिला तरी पेटीला हात लावणाऱ्याला शॉक बसू शकतो. आत उष्णता अडवायला चिकटवलेला जाड करडा कागद अ‍ॅस्बेस्टॉसचा असू शकतो, त्याला घासू किंवा फाडू नका. जुन्या रंगात शिसंही असू शकतं, म्हणून पॉलिश पेपर कोरडा कधीच चालवायचा नाही.

आता रंगाची परीक्षा. तळाच्या आतल्या दुमडीवर, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे कापसाच्या काडीने थिनर लावा. रंग लगेच चिकट होऊन काडीला लागला तर ते लॅकर आहे. काहीच झालं नाही तर बहुधा भट्टीत भाजलेलं इनॅमल. लॅकर असेल तर पुढच्या कुठल्याच कामात थिनर पेटीजवळ आणू नका.

धुण्यासाठी एक लिटर कोमट पाण्यात भांड्यांच्या सौम्य लिक्विड साबणाचे चार-पाच थेंब पुरतात. पेटी पाण्यात बुडवायची नाही. तळहाताएवढी जागा धरून कापसाने पुसायची, लगेच स्वच्छ ओल्या फडक्याने आणि मग कोरड्याने. कापूस आधी चहासारखा तपकिरी होतो, ती धुराची आणि तेलाची राप. कापसावर पेटीचा स्वतःचा रंग दिसू लागला की त्या जागी थांबा. डायलभोवतीची अक्षरं आणि डीकल (चिकटवलेली छापील चित्रं-अक्षरं) यांना फक्त ओलसर कापूस, तोही दाब न देता. स्पिरिट किंवा अमोनियाचं काच-क्लीनर लागलं तर अक्षरं पुसली जातात.

गंज रंगाच्या कडेखालून आत सरकत जातो. वरून दिसणारा ठिपका टाचणीच्या डोक्याएवढा असला तरी भोवतालचा रंग फुगलेला असतो. फुगलेला, सुटलेला तेवढाच भाग लाकडी टोकाने उचला. उघड्या पत्र्यावर फॉस्फोरिक आम्लाचं गंजनाशक काडीने लावा, डब्यावर लिहिलेल्या वेळेनंतर पुसून हेअर ड्रायरने पूर्ण वाळवा आणि त्याच दिवशी प्रायमरचा (रंगाखालच्या अस्तराचा) थेंब द्या. दुसऱ्या दिवसावर ढकललं तर पत्रा पुन्हा तांबूस होतो. पोचे मात्र शक्यतो तसेच सोडा. ठोकले की भोवतालचा रंग तडकतो.

रंग जुळवताना नेहमीची चूक म्हणजे नॉबखालच्या रंगाशी जुळवणं. तिथे ऊन लागलेलं नसतं, त्यामुळे मूळ छटा तिथेच कळते, पण भरायची जागा विटलेल्या भागात असते. जुळवायचं ते शेजारच्या रंगाशी. पत्र्याच्या तुकड्यावर नमुना लावून पूर्ण वाळू द्या, कारण बहुतेक रंग वाळल्यावर छटा बदलतात, आणि मग दिवसाच्या उजेडात पेटीला टेकवून पाहा. बारीक ब्रशने पातळ थर द्या, प्रत्येक थर वाळल्यावरच पुढचा. रंग खड्ड्यातच राहिला पाहिजे. मूळ रंगावर चढला की त्याची चमक वेगळी दिसते आणि डाग लांबून ओळखू येतो.

नॅशनल एचआरओ रिसीव्हरसारख्या काळ्या रिंकल (सुरकुतलेल्या) फिनिशच्या पेट्यांची गोष्ट वेगळी. रिंकल रंगाचा वरचा पापुद्रा आधी सुकून फुगतो, खालचा थर ओला असतो, म्हणून सुरकुत्या पडतात. थर जाड असेल तर सुरकुती मोठी. लहान टवका भरताना सपाट रंग चकाकतो. तिथे घट्ट झालेला मॅट रंग ब्रशच्या टोकाने ठिपक्याठिपक्याने टेकवा. अख्खी बाजू गेलीच असेल तर ती आडवी ठेवून रिंकल स्प्रेचे तीन जाड हात द्या: एक आडवा, एक उभा, एक तिरका, मधलं अंतर डब्यावर दिलेलं तेवढंच. मग सगळीकडे सारखी ऊब द्या. एकाच कोपऱ्यावर हीट गन रोखली तर तिथे दाट सुरकुत्या आणि बाजूला गुळगुळीत पट्टा राहतो. कडांवर थर आपोआप पातळ होतो, तिथे हात थोडा जास्त.

शेवटी गुळगुळीत रंगावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात. रिंकलच्या खाचांत मेण साचून पांढरं दिसतं, तिथे ते टाळलेलंच बरं. सिलिकॉनचं पॉलिश कुठल्याच पेटीवर नको, कारण त्यावर पुढे कधी रंग मारला तर माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.