स्पॅनिशची अनियमित क्रियापदं शिकताना या चुका टाळा

'मी करू शकतो' याला स्पॅनिशमध्ये 'पुएदो' म्हणतात, मूळ क्रियापद 'पोदेर'. मग 'आम्ही करू शकतो' म्हणजे 'पुएदेमोस' असं बरेच जण ठोकून देतात. बरोबर रूप आहे 'पोदेमोस'.

तक्ता पाठ असूनही ही चूक होते, कारण रूप का बदलतं हे तक्ता सांगत नाही. ते आघातामुळे बदलतं. धातूतल्या 'ओ'वर जोर आला की त्याचा 'उए' होतो: पुएदो, पुएदेस, पुएदे, पुएदेन. 'पोदेमोस'मध्ये जोर 'दे'वर जातो, म्हणून 'ओ' जसाच्या तसा. अर्जेंटिनात 'तू'साठी 'बोस' वापरतात आणि 'पोदेस' म्हणतात, तेही जोर शेवटी असल्यामुळेच. धातूतल्या 'ए'चंही तसंच, त्याचा 'इए' किंवा 'इ' होतो: 'पेन्सार' (विचार करणे)चं पिएन्सो पण पेन्सामोस, 'पेदिर' (मागणे)चं पिदो पण पेदिमोस.

मराठीत जोर हलला म्हणून अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपला कान तिकडे लक्षच देत नाही. स्पॅनिशमध्ये मात्र 'आब्लो'त पहिल्या अक्षरावर जोर दिला तर 'मी बोलतो', शेवटी दिला तर 'तो बोलला'. म्हणून रूपं नुसती वहीत उतरवू नका, मोठ्याने म्हणा. अर्थात सगळीच क्रियापदं बदलत नाहीत ('कोमेर', म्हणजे खाणे, याचं 'कोमो'च होतं), तेव्हा नवं क्रियापद शिकताना मूळ रूप आणि 'मी'चं रूप अशी जोडीच लक्षात ठेवा.

हा बदल साध्या भूतकाळात ओढून नेणं ही दुसरी चूक. 'एन्तिएन्दे' म्हणजे त्याला समजतं. समजलं म्हणताना 'एन्तेन्दिओ', कारण जोर शेवटी गेला. फक्त 'इर'ने संपणारी अशी क्रियापदं तृतीय पुरुषात थोडी बदलतात: 'पेदिर'चं पिदिओ, 'दोर्मिर' (झोपणे)चं दुर्मिओ.

'तेनेर' (जवळ असणे)चं 'तुबे', 'आसेर' (करणे)चं 'इसे', 'देसिर' (म्हणणे)चं 'दिखे' हा भूतकाळातला गट वेगळा. यांचे प्रत्यय एकसारखेच, आणि 'मी' व 'तो'च्या रूपांत जोर धातूवर असतो. 'तो'चं रूप 'तुबो' म्हणताना 'कोमिओ' (तो खाल्ला) अशा रूपांच्या सवयीने शेवटी जोर देऊ नका. 'ते म्हणाले' याला 'दिखेरोन' म्हणा, 'दिखिएरोन' नव्हे. धातू 'ख'वर संपला की 'इ' गळतो. 'आन्दार' (चालणे)चं 'आन्दुबे' लगेच जमलं नाही तर खचू नका, तिथे स्पॅनिश मातृभाषा असलेलेही 'आन्दे' म्हणून जातात.

'मान्तेनेर', 'ओब्तेनेर', 'देतेनेर' वेगवेगळी पाठ करत बसणं म्हणजे फुकटची मेहनत. ती सगळी 'तेनेर'सारखीच चालतात: मान्तुबे, ओब्तुबे, देतुबे.

'फुए' म्हणजे 'तो होता' की 'तो गेला', यावरही अडखळायला होतं. 'सेर' (असणे) आणि 'इर' (जाणे) या क्रियापदांची साध्या भूतकाळातली रूपं खरोखरच एक आहेत. त्याच्यानंतर 'आ' आणि ठिकाणाचं नाव आलं, जसं 'फुए आ माद्रिद', तर 'गेला' समजा.

आणि सगळे काळ एकदम हाती घेऊ नका. अपूर्ण भूतकाळात अनियमित क्रियापदं फक्त 3 आहेत: सेर, इर आणि बेर (पाहणे). त्यांची 'मी'ची रूपं एरा, इबा, बेइआ. तो काळ एका बैठकीत उरकता येतो.