टोकदार निबचं सुलेखन: निब कोणती, शाई कोणती आणि मे महिन्यात काय करायचं

बारा-बारा निबांचे सेट विकत घेऊ नका. त्यातल्या काही तुमच्या होल्डरमध्ये, म्हणजे निब बसवायच्या दांड्यात, बसतच नाहीत, काही इतक्या मऊ असतात की नवख्या हाताखाली संध्याकाळपर्यंत फाकतात, आणि कोणती निब कशासाठी हे डबीवर कुठेच लिहिलेलं नसतं. शिकायला एकाच जातीची निब लागते. तिचे पाच-सहा नग घ्या आणि उरलेले पैसे शाई-कागदाला ठेवा.

मी लातुरात लग्नाच्या पाकिटांवर नावं घालायचं आणि मानपत्रं लिहायचं काम करते. शिकणारी मुलं माझ्याकडे येतात ती बहुधा निबची तक्रार घेऊनच. अडकते, ओरखडते, मधेच थेंब सोडते. तीन प्रकारच्या निबा बदलून झालेल्या असतात, तरी तेच. दुखणं बहुतेक वेळा शाईच्या दाटपणात असतं, पण तिकडे कुणी बघत नाही. परदेशातले व्हिडिओ बघून शिकलेल्यांची तर जास्तच पंचाईत. त्यांच्या थंड, बंद खोलीत जी शाई तासभर तशीच राहते, ती परभणी-नांदेडच्या मेमधल्या दुपारी अर्ध्या पाकिटावर दाट होते.

होल्डर, सुती फडकं, पाण्याचा पेला आणि रेघा मारलेला कागद घेऊन बसलाच आहात असं धरून चालते.

निब

पहिली निब निक्को जी किंवा झेब्रा जी. दोन्ही जपानी, तिथले मांगा, म्हणजे चित्रकथा काढणारे चित्रकार याच वापरतात. ताठ आहेत, टिकतात, आणि हात जड असला तरी लगेच वाकत नाहीत. "मऊ निबने शिका, जाड-बारीक पटकन येतं" असा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. मऊ निबवर जाड रेघ पटकन येते हे खरं, पण बारीक रेघ ताब्यात राहत नाही, आणि या लिखाणाचा सगळा डौल त्या बारीक रेघेत असतो.

काही महिन्यांनी, चढत्या रेघेत हात थरथरायचा थांबला की लिओनार्ट प्रिन्सिपल किंवा हंट १०१ घ्या. दोन्ही जास्त लवचीक आणि टोकाला फार तीक्ष्ण आहेत, जरा खरखरीत कागद असला की तंतू उचलतात. जिलट ३०३ त्याहून नाजूक. एकोणिसाव्या शतकात जगातल्या पोलादी निबांचा मोठा हिस्सा इंग्लंडातल्या बर्मिंगहॅममध्ये बनायचा, आणि जोसेफ जिलट यांचं पेटंट १८३१ सालचं. नाव जुनं आणि मानाचं आहे म्हणून मात्र पहिल्या दिवशी ती निब घेऊ नका.

क्रोक्विल नावाच्या बारक्या, नळीसारख्या बुडाच्या निबा वेगळ्या होल्डरला लागतात. दुकानदार "बसेल की" म्हणेल. बसत नाही.

कोणता होल्डर, हे तुम्ही कोणती लिपी लिहिता यावर आहे. इंग्रजी कॉपरप्लेट पंचावन्न अंशांच्या आसपास झुकलेली असते, म्हणून त्यासाठी बाजूला पितळी कान असलेला ऑब्लिक होल्डर. देवनागरी उभी असते, तिला सरळ होल्डर पुरतो. उजव्या हाताने लिहीत असाल तर कागदाचं वरचं टोक थोडं डावीकडे झुकवा, म्हणजे काना खाली ओढताना निबची चीर रेघेच्या दिशेत येते.

देवनागरीचं आणखी एक सांगायचं राहतं, कारण बरेच जण बोरू किंवा कट निब (टोक रुंद कापलेली) सोडून इकडे येतात. बोरूला जाड-बारीक कोनातून मिळतं, टोकदार निबला दाबातून. खाली ओढताना दाबलं की चिरेच्या दोन बाजूंची पाती फाकतात आणि रेघ जाड होते. वर जाताना किंवा आडवं जाताना दाब दिला तर एक पातं कागदात रुततं, दुसरं त्याच्यावर चढतं, आणि निब संपली. म्हणून शिरोरेषा कधीही दाबून काढायची नाही. ती बारीकच राहू द्या, काना जाड. जाड शिरोरेषाच हवी असेल तर कागद आडवा फिरवून ती खाली ओढा, नाहीतर सरळ कट निब हातात घ्या.

नवी निब भांड्याच्या साबणाने आणि जुन्या ब्रशने घासून पुसा. गंजू नये म्हणून तिच्यावर तेलाचा थर असतो, त्यावर शाई थांबत नाही. काडी पेटवून निब ज्योतीत धरणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार. पोलाद जास्त तापलं की त्याचं पाणी उतरतं, मग निब एकदा फाकली की फाकलेलीच राहते.

कोणती शाई घ्यावी

फाउंटन पेनची शाई एकटी चालत नाही. ती पातळ असते, निबवरून एकदम खाली येते आणि साध्या कागदावर फुटते. घरात तीच असेल तर डिंक घालून चालवता येते, पुढे सांगते. वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक कुठल्याही मोठ्या स्टेशनरीत मिळते आणि काळी छान येते, पण निबवर तिचं कवच धरतं. दर दोन-तीन ओळींनी निब पाण्यात बुडवून पुसायची तयारी हवी.

रोजच्या सरावाला मी जपानी सुमी शाई सांगते. काजळी आणि सरस यांची ती असते. मुळात दाट, म्हणून पाणी घालून वापरायची. सगळ्यात बारीक रेघ देते ती आयर्न गॉल शाई. हिराकस आणि मायफळातलं टॅनिन यांच्यापासून ती बनते, लिहिताना फिकट दिसते आणि हवा लागून काळी होते. मानपत्राला हिच्यासारखी दुसरी नाही. पण ती आम्ल आहे, निब खाते. काम संपताच निब धुतली नाही तर सकाळी गंज दिसेल.

रंगीत काम असेल तर गुआश, म्हणजे पाण्यात कालवायचा दाट, अपारदर्शक रंग. पोस्टर कलर स्वस्त पडतो म्हणून लोक तो वापरतात, त्याचे कण जाड असतात आणि चिरेत बसतात. सोनेरी-चंदेरी अभ्रकाचे रंग निब बुडवून नाही, ब्रशने निबच्या पोटाला लावून वापरायचे, आणि दर वेळी ढवळायचे, कारण अभ्रक खाली बसतो.

फाउंटन पेनची शाई सोडली तर यातली कोणतीही शाई फाउंटन पेनमध्ये घालू नका. डिंक घातलेली तर मुळीच नाही.

शाई लावून घेणं

आता खरं काम. हाच टप्पा मला सगळ्यात जास्त छळून गेला, म्हणून इथे घाई करू नका म्हणते. बाटलीतून आलेली शाई वापरायला तयार आहे असं समजायचंच नाही. ती आजच्या हवेला, आजच्या कागदाला लावून घ्यावी लागते.

मोठी बाटली उघडी ठेवून लिहू नका. लहान काचेच्या डबीत दोन चमचे शाई काढा, बाटलीचं झाकण लावून बाजूला ठेवा. डबीतली शाई तापवलेल्या म्हशीच्या दुधाइतकी दाट हवी, हे नजरेचं माप. खरं माप निब सांगते. निब मधल्या भोकाच्या जरा वरपर्यंत बुडवा, डबीच्या काठाला टेकवून जादाची शाई सोडा, आणि ज्या कागदावर काम करायचं आहे त्याच्याच तुकड्यावर आठ-दहा उभ्या जाड रेघा आणि तेवढ्याच बारीक चढत्या रेघा काढा.

आता बघा काय होतं.

रेघेच्या सुरुवातीला गोळा पडला, किंवा निब टेकताच सगळी शाई खाली आली, तर शाई पातळ आहे. डिंकाचं पाणी घाला, एका चमच्याला एक थेंब, ढवळा, पुन्हा रेघा काढा. दोन थेंब एकदम घालू नका. डिंक जास्त झाला की शाई चकाकते, वाळायला वेळ घेते आणि वाळल्यावर घडीवर तडकते.

जाड रेघ मधून पांढरी राहिली, दोन कडा तेवढ्या उमटल्या, रेल्वेच्या रुळांसारख्या, तर शाई दाट झाली आहे किंवा निबवर शाई संपली आहे. आधी निब बुडवून बघा. तरी तेच असेल तर पाण्याचा थेंब. इथे नवखे लोक हटकून दाब वाढवतात, म्हणजे पाती आणखी फाकतात आणि पांढरी फट आणखी रुंदावते. दाब कमी करा, गती कमी करा.

बारीक रेघ सुरूच होत नाही, निब कोरडी सरकते, तर टोकावर शाई वाळली आहे. ओल्या फडक्याने टोक पुसा आणि बुडवा. निब कागदावर आपटून शाई उतरवणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्या निबा टिकत नाहीत, यात नवल नाही.

निबवर शाईचे थेंब थेंब गोळा होतात, पसरत नाहीत, तर तेल राहिलंय, पुन्हा साबण. कडेने केसासारखे फाटे फुटतात, तर कागद खराब आहे. डिंकाने थोडं सावरतं, पण कागद बदललेला बरा.

पाण्याचं एक. बोअरचं पाणी शाईत घालू नका. आपल्याकडे त्यात क्षार भरपूर, निबवर पांढरी पुटं धरतात आणि रंगाचे कण एकमेकांना चिकटून तळाला बसतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी डिस्टिल्ड वॉटरची बाटली घरात असतेच, तेच पाणी वापरा. लोडशेडिंगने एवढा तरी फायदा करून दिलाय.

डिंक बाभळीचा. किराणा किंवा काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. लाडवांसाठी आणलेला धावड्याचा डिंक नको, आणि कतिला तर अजिबात नको, तो पाण्यात विरघळत नाही, फुगून बसतो. स्वच्छ, फिकट खडे निवडा, वजनाने एक भाग डिंकाला दोन भाग कोमट डिस्टिल्ड पाणी घालून रात्रभर ठेवा, सकाळी मलमलीतून दोनदा गाळा. लवंगेच्या तेलाचा एक थेंब टाकला आणि बाटली फ्रीजमध्ये ठेवली की बुरशी लवकर येत नाही. इतकी खटपट नको असेल तर चित्रकलेच्या दुकानात गम अरेबिकची तयार बाटली मिळते.

आणि हवा. मे महिन्यात पंखा चालू असेल तर डबीतली शाई बघता बघता दाट होते. पंखा बंद करणं शक्य नसतं, मला माहीत आहे. मग डबीवर झाकण आडवं ठेवा, निब बुडवण्यापुरतंच सरकवा, आणि दर पाच-सात पाकिटांनी पाण्याचा एक थेंब घालत राहा. डिंक या दिवसांत शक्यतो नको, शाई आपोआपच दाट होतेय. कूलरसमोर बसून लिहिणं वेगळंच दुखणं. कूलरची हवा ओली असते, कागद ती ओल पितो, आणि सकाळपर्यंत नीट वागणारी शाई दुपारी फुटायला लागते. कूलर लावायचाच तर कागदाची थप्पी दुसऱ्या खोलीत ठेवा आणि हातापुरते कागद आणा.

पावसाळ्यात सगळं उलटं. हवेतच ओल, कागद नरम, शाई वाळत नाही. तेव्हा पाणी बंद आणि डिंक सुरू. मेमध्ये लावून घेतलेली शाई ऑगस्टमध्ये तशीच वापरली तर पाकिटं एकमेकांना चिकटतील. म्हणून डबीवर चिठ्ठी लावायची: कोणती शाई, किती थेंब, कोणता महिना.

कागद

सरावाला गुळगुळीत बॉण्ड पेपर. झेरॉक्सचा स्वस्त कागद नको.

दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावरच्या कागजीपुऱ्यात अजून हातकागद बनतो, आणि पत्रिकांसाठी गिऱ्हाईक तो हौसेने आणतं. दिसायला देखणा, लिहायला कठीण. तंतू मोकळे असतात आणि टोकदार निब ते चिमटीत पकडते. पूर्वी लेखनासाठीचा कागद दगडाने घोटून गुळगुळीत करत, ते उगाच नव्हतं. घरी स्टीलच्या चमच्याची पाठ वापरा. कागद काचेवर ठेवून, वर पातळ बटर पेपर घेऊन, एकाच दिशेने घासा. लिहायच्या जागेपुरतं घोटलं तरी पुरतं. निब मात्र निक्को जी किंवा झेब्रा जीच, प्रिन्सिपल इथे काढूच नका. शाई नेहमीपेक्षा जरा दाट ठेवा. पाकळ्या घातलेल्या कागदावर नाव पाकळीवर येऊ देऊ नका, तिथे शाई एक तर थांबत नाही किंवा फुटते.

चकचकीत, धातूच्या रंगाच्या पाकिटावर पातळ शाई वाळत नाही, बोटाला येते. गुआश वापरा आणि रात्रभर पसरून ठेवा.

निब कधी टाकायची

बारीक रेघ जाड यायला लागली, किंवा काल न ओरखडणारी निब आज त्याच कागदावर ओरखडते, की टाकून द्या. घासून धार लावायच्या भानगडीत पडू नका. आयर्न गॉलवर निब लवकर जाते, सुमीवर जास्त टिकते, निक्को जी आणि झेब्रा जी सगळ्यात जास्त. पाकिटांची मोठी ऑर्डर घ्याल तेव्हा निबांचे पैसे किमतीत आधीच धरा, आणि गिऱ्हाइकाने दिलेल्या पाकिटांपेक्षा थोडी जास्त मागून घ्या, शाई लावून बघायला तीच लागतात.