लुक्लाची फ्लाईट रामेछापहून असेल तर दिवस कसे धरायचे

आमच्या चिपळूणकडचे ग्रुप एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघाले की सगळी चर्चा बूट आणि जॅकेटची, आणि फ्लाईट म्हणजे काठमांडू ते लुक्ला (जिथून चालायला सुरुवात होते ते डोंगरातलं गाव) एवढंच डोक्यात. पण मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात काठमांडूला विमानांची गर्दी असते म्हणून लुक्लाची बरीचशी विमानं रामेछाप जिल्ह्यातल्या मंथलीहून सुटतात. बुकिंग करतानाच विचारा, विमान सुटणार कुठून?

पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र घ्या, आधार चालत नाही. सामान घरीच वजन करा, १५ किलोच्या आत.

मंथली काठमांडूपासून साधारण १३० किलोमीटर, घाटाचा रस्ता, चार-पाच तास. एजंट सांगतात रात्री एकला निघू, पहाटे पोचू. अजिबात ऐकू नका. सप्टेंबर २०२४ च्या पुरात त्या बाजूच्या रस्त्याची वाट लागली होती, अंधारात दरड आली तर विमान गेलंच. आदल्या दिवशी उजेडात जा, मंथलीत झोपा.

आता परतीचं, इथेच मी फसलो होतो. लुक्लाहून निघायचं, दुसऱ्या दिवशी मुंबईची फ्लाईट आणि त्याच रात्रीची कोकण रेल्वे, असं एकाला एक चिकटवून ठेवलेलं. लुक्लात दोन दिवस ढग हललेच नाहीत, रोज पहाटे सॅक पाठीला लावून रांगेत उभं राहायचं आणि दुपारी परत लॉजवर, तोवर पुढची दोन्ही तिकिटं वाया गेली. तिथली धावपट्टी जेमतेम ५२७ मीटर, तीही चढाची आणि समोर डोंगर, उतरायचं चुकलं तर पुन्हा वर उचलायला जागाच नाही. त्यामुळे दिसत नसेल तर पायलट येत नाही, आणि ते बरोबरच आहे, उधाणात होडी काढ म्हणून आपण तांडेलाशी भांडतो का?

म्हणून लुक्लाहून परतायच्या तारखेनंतर दोन दिवस पूर्ण मोकळे ठेवा, जमलं तर तीन. हे दिवस शेवटीच हवेत, ट्रेकच्या मधले आरामाचे दिवस ह्यात धरू नका, ते उंचीची सवय होण्यासाठी असतात. लुक्लाचं तिकीट सकाळच्या पहिल्या फेरीचंच मागा, दुपारकडे वारा आणि ढग वाढतात. ऑक्टोबरात जाणार असाल तर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक चालू आहे का बघा, तेव्हा गाड्या हळू चालतात, जाताना मुंबईला आदल्या दिवशीच पोचा. आणि थोडे पैसे वेगळे ठेवा, विमान आलंच नाही तर खाली चालत जाऊन सल्लेरीहून जीपने काठमांडू गाठता येतं.