आयटीआय झालं, आता गॅरेज: वाडीतले माझे पहिले दिवस

मेकॅनिक मोटर व्हेइकलचा दोन वर्षांचा ट्रेड संपवून मी नागपूरच्या वाडीत एका गॅरेजला लागलो. दिवस उन्हाळ्याचे, वर पत्र्याचं शेड, पारा 44-45 वर. पहिल्याच आठवड्यात तापलेली गाडी आली आणि मी थेट रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. उस्तादांनी मनगट धरून मागं ओढलं. "काहून बे, तोंड भाजून घेतं का?" दाबाखाली असलेलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी, शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच दाब सुटतो आणि ते वाफेसकट अंगावर येतं. हे मी परीक्षेत लिहून आलो होतो, तरी हात थांबला नव्हता. इंजिन पूर्ण थंड होईस्तोवर थांबा, मालक कितीही घाई करो.

इंधनाचं शिकलो ते एका डिझेल गाडीवर. पंपावरून निघून थोड्याच अंतरावर धक्के खात बंद पडलेली. उस्तादांनी फिल्टरमधलं इंधन माझ्या बोटांवर घातलं. डिझेल तेलकट राहतं, हे मात्र बघता बघता उडालं, बोटं थंड पडली. टाकीत पेट्रोल होतं! डिझेल गाडीच्या हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलच पुरवतं. पेट्रोलनं ते वंगण जातं, पंप घासतो आणि धातूचा कीस इंजिनात इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरपर्यंत पोचतो. फिल्टरच्या तळाशी तो कीस चमकत होता. खर्चाचा आकडा ऐकून ते काका स्टुलावर बसूनच राहिले. मला फार वाईट वाटलं, कारण गाडी चालूच केली नसती तर टाकी रिकामी करून बहुधा भागलं असतं. म्हणून चुकीचं इंधन भरल्याचा फोन आला की आधी विचारा, "भरल्यावर चावी फिरवली का?" नसेल, तर फिरवू देऊ नका. बऱ्याच गाड्यांत नुसत्या चावीनंही टाकीतला पंप सुरू होतो.

टाकी उपसायची ती उघड्यावर, बॅटरीची निगेटिव्ह तार काढून. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, सर्व्हिसच्या खड्ड्यात साचते. तोंडानं नळी ओढायची नाही, म्हणजे नाही.

जुन्या दुचाकी आणणारे ई20 पेट्रोलबद्दल विचारतातच. त्यात 20 टक्के इथेनॉल असतं आणि ते पाणी धरतं. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीची टाकी, रबरी नळ्या, ओ-रिंगा (सांध्यातल्या गळती थांबवणाऱ्या रबरी कड्या) आधी पाहा. साध्या पेट्रोलसाठी बनलेल्या इंजिनात जास्त ऑक्टेनचं (म्हणजे दाबाखाली वेळेआधी सहज न पेटणारं) महाग पेट्रोल घालून ताकद वाढत नाही, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा.

समृद्धीवर निघालेल्या गाडीची हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. टायरवरचे चार आकडेही वाचा: 2319 म्हणजे टायर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात बनला.

आणि नोकरी धरताना पगाराआधी एक बघा, जॅकनं उचललेल्या गाडीखाली स्टँड लावतात का. वाडीच्या आधी मी एका ठिकाणी पंधरा दिवस होतो. तिथं नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली झोपायला सांगायचे. मी सोळाव्या दिवशी गेलो नाही.