टॅपेस्ट्री म्हणजे पडदा नव्हे: या चुका टाळा

इ.स.पू. ३२६. झेलमकाठची लढाई संपली आहे आणि जखमी पोरसाला अलेक्झांडरपुढे आणलं जातंय. सतराव्या शतकात फ्रेंच चित्रकार शार्ल ल ब्रँने हा प्रसंग रंगवला. ते चित्र आज पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे. त्याच्या या अलेक्झांडर-मालिकेवरून पॅरिसमधल्या गोबलँच्या कारखान्यात भिंतभर टॅपेस्ट्री, म्हणजे मागावर विणलेली चित्रं, तयार झाली, पुढे ब्रसेल्सच्या मागांवरही. अशी जुनी टॅपेस्ट्री हाती आली की सगळ्यांना आधी ती भिंतीवर लावायची घाई होते. तिथेच घात होतो.

मागावर टॅपेस्ट्रीचं चित्र बहुधा आडवं, कुशीवर झोपवून विणलेलं असतं. भिंतीवर लावताना ते फिरवलं जातं, म्हणजे मजबूत ताणा (मागावर ताणलेले दोरे) आडवा येतो आणि सगळं वजन लोकर-रेशमाच्या नाजूक बाण्यावर (त्यांतून विणलेल्या रंगीत दोऱ्यांवर) पडतं. त्यात दोन रंग जिथे भेटतात तिथे विणकराने फट सोडून ती नंतर दोऱ्याने शिवलेली असते. टांगल्यावर या फटीही आडव्या होतात. खिळे ठोकले किंवा पडद्याच्या कड्या लावल्या, की ताण मोजक्या जागी एकवटतो. टाके तुटतात, फटी आ वासतात. वरच्या काठाला सलग रुंद व्हेल्क्रोची पट्टी हाताने शिवून घ्या, तिची जोडपट्टी भिंतीवरच्या लाकडी फळीला लावा. वजन सगळीकडे सारखं वाटलं जातं.

पुढची चूक रंगांची. झाडं निळी दिसतात म्हणून कुणी त्यांवर हिरवा रंग फिरवतं. कृपा करून हे करू नका! हिरवा रंग निळ्यावर पिवळा चढवून काढलेला होता. उजेडाने पिवळा उडाला, निळा उरला. गेलेला रंग परत येत नाही. ऊन पूर्ण टाळा, दिव्याचा उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आतच ठेवा. काळ्या-तपकिरी लोकरीचा भुगा पडत असेल तर दोष रंगातल्या लोहाचा आहे. तिथे ब्रश लावूच नका.

धुणं आणि ड्राय-क्लीनिंग, दोन्ही नको. रंग फुटतात, अस्तर वेगळं आटतं. कसर लागली असेल तर डांबराच्या गोळ्यांवर विसंबू नका. टॅपेस्ट्री प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवण्याची पद्धत आहे. ते काम संवर्धकाकडूनच, म्हणजे जुन्या वस्तू जपणाऱ्या तज्ज्ञाकडूनच करून घ्या. घडी तर कधीच घालू नका. जाड नळीवर, चित्र बाहेरच्या बाजूला ठेवून गुंडाळा.

अस्सल-नक्कल ठरवतानाही गफलत होते. योद्ध्याच्या डाव्या हातात तलवार दिसली म्हणून टॅपेस्ट्री नकली ठरत नाही. आडव्या मागावर, म्हणजे ताणा जमिनीला समांतर असतो अशा मागावर, चित्र आरशातल्यासारखं उलटतं. त्यापेक्षा अस्तराचा एखादा सुटलेला कोपरा उचलून पाठ बघा. पैठणीचा पदर उलटून पाहणाऱ्या आपल्या आज्यांना हे सांगावं लागलं नसतं, कारण विणीचा प्रकार तोच. हाताने विणलेल्या कामात मागेही तेच चित्र असतं, फक्त उलटं, सुट्या दोऱ्यांचं. आणि उजेड न लागल्यामुळे रंग ताजे. यंत्रावरच्या प्रतीत मागे रंगीत दोऱ्यांचे सरळ पट्टे या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतात. काठावर लाल ढालीच्या दोन बाजूंना रोमन लिपीतली दोन ‘B’ अक्षरं विणलेली दिसली तर ती ब्रसेल्सची खूण. १५२८ पासून ती तिथे बंधनकारक होती. पण काठ पुष्कळदा कापून बदललेले असतात, तेव्हा खूण नाही म्हणून घाईने टाकाऊ ठरवू नका.